कोपराचे दुखणे आणि काळाचे औषध

काही व्याधींवर त्यांच्या नावानेच अन्याय केला आहे. 'टेनिस एल्बो' ही त्यांपैकी एक होय. हे नाव कानी पडताच हिरवळ आणि पांढऱ्या वेषातील खेळाडू डोळ्यांपुढे उभे राहतात. वस्तुतः रूंगे या जर्मन वैद्याने १८७३ मध्ये या विकाराचे वर्णन केले, ते लिहिताना हात आखडणाऱ्यांच्या संदर्भात. मेजर विंगफील्ड यांनी लॉन टेनिसचे पेटंट घेतले ते त्यानंतर, १८७४ मध्ये. पुढे इंग्लंडात या खेळाचे वेड पसरले आणि १८८२-८३ मध्ये तेथील वैद्यकीय नियतकालिकांनी या दुखण्यास खेळाचे नाव दिले. लेखणीचा रोग रॅकेटच्या नावावर चढला, तो असा.

मनगट मागे उचलून धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरील उंचवट्यास कंडरेने जोडलेले असतात. मूठ वळून तेच काम पुनःपुन्हा केले, की ही कंडरा झिजते. ही सूज असावी, असा समज पुष्कळ काळ होता. परंतु निर्शल आणि पेट्रोन या अमेरिकन शल्यविशारदांनी १९७९ मध्ये दाखविले, की तेथे सुजेपेक्षा झिजलेल्या, विस्कटलेल्या तंतूंचाच भाग अधिक असतो.

महाराष्ट्राच्या घराघरांत हे नाव पोचले ते २००४ मध्ये. जड बॅट वापरणाऱ्या सचिन तेंडुलकरांचे कोपर त्या वर्षी दुखावले. ऑस्ट्रेलियाविरुद्धचे पहिले दोन कसोटी सामने हुकले. तिसऱ्यासाठी ते नागपुरात उतरले, पण त्यांच्या धावा झाल्या अवघ्या ८ आणि २. त्याच डिसेंबरात त्यांनी ढाक्यास नाबाद २४८ धावा केल्या, तरी दुखणे हटले नाही. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. मुलाची प्लास्टिकची बॅटही त्या काळात उचलवत नसे, असे त्यांनी पुढे सांगितले. ऑक्टोबरात पुन्हा नागपूरच आले, आणि तेथे ९३ धावा झाल्या. डिसेंबरात दिल्लीस पस्तिसावे कसोटी शतक झळकले आणि गावसकरांचा विक्रम मागे पडला.

शस्त्रक्रियेची वेळ मात्र थोड्यांवरच येते. बहुतेकांचे कोपर वर्षभरात बरे होते. भार कमी करणे, कोपराखाली पट्टा बांधणे आणि हलके वजन हाती घेऊन मनगट सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम करणे, हा राजमार्ग होय. स्टेरॉइडच्या सुईने काही आठवडे उतार पडतो; परंतु ब्रिस्बेन येथील संशोधकांनी २००६ आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत सुई घेतलेल्यांची स्थिती वर्षअखेर न घेतलेल्यांपेक्षा वाईट आढळली. घाईने मिळविलेला आराम असा व्याजासह फेडावा लागतो.

तेंडुलकरांना विसाव्याचे महिने लाभले. पण रायपूरच्या बूढापाऱ्यात दिवसभर खतावणी लिहिणारा कारकून, ओले कपडे पिळणारी गृहिणी, करणी चालविणारा गवंडी यांचेही कोपर तेच, कंडराही तीच. गवंड्याच्या हातास विसावा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. 'खेळाडूंचा रोग' म्हणून त्याची वेदना हसण्यावारी नेली जाते आणि भार कमी करण्याचे दिवस निघून जातात. त्याला महिना-दोन महिने हलके काम देणारा मुकादम भेटला, तर अर्धा उपचार तेथेच झाला.