कोल्हापूरचे ‘निसर्ग’ : चंद्रकांत मांडरे कला संग्रहालय आणि निसर्गचित्रणाची परंपरा

कोल्हापूर नगरीचा उल्लेख ‘कलापूर’ असा केला जातो. तथापि या नगरीतील संग्रहालयांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने टाऊन हॉलमधील शासकीय संग्रहालयाकडे आणि नवीन राजवाड्यातील छत्रपतींच्या संग्रहाकडे जाते. त्यामुळे राजारामपुरीच्या सातव्या गल्लीतील एक लहानसे कलादालन दुर्लक्षित राहते. ‘निसर्ग’ हे या वास्तूचे नाव. चित्रपट अभिनेते व चित्रकार चंद्रकांत मांडरे (१९१३-२००१) यांचे हे निवासस्थान. त्यांनी हयातीतच ही वास्तू व त्यातील चित्रसंग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राहत्या घराचेच संग्रहालय व्हावे ही घटना महाराष्ट्राच्या कलेतिहासात विरळा होय आणि तिचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून यथार्थवादी चित्रणाचे शिक्षण घेतलेले कलावंत संस्थानांत परतू लागले. आबालाल रहिमान हे त्यांपैकी एक. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. दरबारी चित्रकाराकडून राजपुरुषांची व्यक्तिचित्रे अपेक्षित असत, परंतु आबालालांची कुंचली वारंवार कोटीतीर्थ तलावाकडे वळली. पाणी, झाडी, सकाळ-संध्याकाळचा प्रकाश हे त्यांचे विषय. ज्या कोटीतीर्थाच्या परिसरात १९०६ मध्ये शाहू मिल उभी राहिली, त्याच परिसराचे शांत रूप त्यांनी रंगविले, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे. १९३१ मध्ये आबालालांचे निधन झाले. त्यांच्या विपुल निर्मितीचा मोठा भाग पुढे विखुरला गेला. टाऊन हॉल संग्रहालयात त्यांची काही चित्रे पाहावयास मिळतात, मात्र ते संग्रहालय मूलतः १९४५-४६ च्या ब्रह्मपुरी उत्खननातून जन्मास आलेले आहे. तेथे आबालाल हे अनेक दालनांपैकी एका दालनापुरते उरतात.

दुसरा प्रवाह बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) यांचा. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचे मूळ नाव. आनंदराव पेंटर यांच्यासह नाटकांचे पडदे रंगविणारा हा कलावंत पुढे चित्रपटनिर्मितीकडे वळला. त्यांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटात कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आला. पौराणिक कथांच्या त्या काळात सामान्य माणसाचे दैनंदिन जीवन हा चित्रपटाचा विषय होऊ शकतो, हे चित्रकाराच्या नजरेनेच प्रथम हेरले असे म्हणावयास हरकत नाही.

चंद्रकांत मांडरे हे याच बाबूरावांच्या मार्गदर्शनाखाली घडले. रसिकांच्या स्मरणात ते आहेत ते अभिनेते म्हणून. भालजी पेंढारकरांच्या ‘थोरातांची कमळा’ (१९४१) मधील संभाजी आणि ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) मधील शिवराय या त्यांच्या भूमिका गाजल्या. परंतु ‘निसर्ग’मध्ये प्रवेश करणाऱ्यास जिरेटोप व भरजरी पोशाखातील नायक केवळ छायाचित्रांत भेटतो. भिंतींवरचे मुख्य स्थान निसर्गचित्रांचे आहे. राजवेषाने कीर्ती मिळविलेल्या माणसाने आपल्या घराला निसर्गाचे नाव द्यावे, यात त्याने स्वतःची ओळख कोणती मानली याचे उत्तर दडलेले आहे. चित्रपटाच्या इतिहासकारांनी या उत्तराची पुरेशी दखल घेतलेली नाही.

तैलरंग व जलरंग यांबरोबरच या संग्रहाचे वैशिष्ट्य म्हणजे ‘पावडर शेडिंग’ ही चित्रे. कोरडी रंगपूड कागदावर घासून छायाप्रकाशाच्या छटा साधण्याची ही पद्धती. धुके, दूरचे डोंगर, पाण्यावरील संधिप्रकाश अशा सीमारेषा पुसट असलेल्या दृश्यांस ती विशेष अनुकूल ठरते. मात्र तिचे सामर्थ्य हेच तिचे वैगुण्यही होय. तैलचित्राप्रमाणे येथे रंगास तेलाचा आधार नसतो. ओल आणि घर्षण हे तिचे शत्रू, आणि कोल्हापूरचा पावसाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा चित्रांचे जतन हे घरगुती काळजीवर सोडता येण्यासारखे काम नव्हे. शासकीय हस्तांतरणाचा खरा अर्थ येथे लक्षात येतो.

संस्थानकाळातील आश्रय राजाच्या व्यक्तिगत रसिकतेवर अवलंबून होता. १९२२ मध्ये शाहू महाराजांच्या निधनाने आबालालांचा तो आधार तुटला आणि त्यांच्या चित्रांस एकत्र राहण्यास छप्पर लाभले नाही. मांडरे यांनी चित्रांबरोबर छप्परही दिले. त्यामुळे एकाच कलावंताच्या तैलरंग, जलरंग व रंगपुडीतील कामाची तुलना एकाच वास्तूत करता येते. आबालालांच्या अभ्यासकास तशी सोय नाही. त्याला संग्रहालयातील मोजकी चित्रे आणि खाजगी संग्रह यांवरच भिस्त ठेवावी लागते.