बाकला, भुंगे आणि बियाणं

आज आम्ही बाकल्याची गोष्ट सांगणार आहोत. बाकला म्हणजे वाल-पावट्याच्या भावकीतलाच. दाणा जाड, चपटा. फूल पांढरं आणि पाकळीवर काळा ठिपका. आपल्याकडे तो फारसा दिसत नाही. उत्तर भारतात थंडीत भाजीला लावतात, इजिप्तमध्ये सकाळची न्याहारी त्याच्यावर होते, युरोपात जनावरांच्या खाद्यासाठी पेरतात. पण त्याच्या बियाण्याचा इतिहास आपल्या गटांनी ऐकावा असा आहे.

या पिकाची एक जुनी खोड. एका साली शेंगांनी लगडेल, दुसऱ्या साली फुलं गळून जातील. सेंद्रिय शेती करणाऱ्याला हे फार जड जातं. तो युरिया टाकत नाही, मग मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देणारं द्विदल पीक त्याला लागतंच. तेच दगा देऊ लागलं तर काय पेरायचं?

ही खोड कुठून आली, त्याचा एक धागा इंग्लंडमध्ये केंब्रिजला सापडला. ड्रेनर यांनी 1959 साली छापलेल्या अभ्यासात दाखवलं, की पिढ्यान् पिढ्या स्वतःच्याच परागावर वाढवलेलं झाड भुंगा फुलावर बसल्याशिवाय नीट शेंग धरत नाही. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेलं झाड मात्र भुंगा नाही आला तरी धरतं. बाकल्यात 100 दाण्यांतले साधारण 30 ते 50 दाणे परक्या परागाचे असतात, बाकीचे घरचे. म्हणजे शेतात दोन्ही तऱ्हेची झाडं शेजारी शेजारी उभी. ढगाळ, गार हवेत भुंगे बाहेर पडले नाहीत की घरच्या परागाची झाडं मागे पडतात.

मग सरळ संकरित बीच का करू नये? केंब्रिजलाच बॉन्ड यांना 1950 च्या दशकात पराग न धरणारी झाडं मिळाली होती. त्यांच्यावर संकरित बी तयार होईल अशी मोठी आशा होती. पण पुढच्या पिढ्यांत त्यातली काही झाडं पुन्हा पराग धरू लागली. हा गुण टिकेना, आणि संकरित बाकला काही बाजारात रुजला नाही. एका अर्थी बरंच झालं, असं आमचं मत. रुजला असता तर दरवर्षी बी विकत घेणं आलंच असतं.

दुसरी वाट निघाली ती ‘सिंथेटिक’ वाणाची. नाव रासायनिक वाटतं, पण औषधाशी त्याचा काही संबंध नाही. चांगल्या वाणांचं थोडं थोडं बी एकत्र करायचं, इतर बाकल्यापासून दूर पेरायचं आणि संकराचं काम भुंग्यांवर सोडायचं. त्या रानातलं बी पुढे काही हंगाम पेरता येतं. जर्मनीत गॉटिंगेन विद्यापीठाच्या लामिये घाउती आणि वोल्फगांग लिंक यांनी हे सेंद्रिय शेतांवरच करून पाहिलं. वेगवेगळ्या भागांतल्या शेतकऱ्यांना बांधावर नेलं, झाडं बघून त्यांनीच गुण दिले. हे काम 2008 आणि 2009 साली छापून आलं. एकसारख्या शुद्ध वाणांपेक्षा या मिसळीच्या वाणांनी जास्त पीक दिलं. प्रयोगशाळेच्या रानात निवडलेलं बी प्रत्येकीच्या शेतात तसंच वागेल असं नाही, हे आपल्याला नवं नाही. तिथे ते मोजून बघितलं गेलं.

आता आपल्याकडे येऊ. वाल, मूग, हरभरा यांना हा हिशेब लागत नाही, त्यांची फुलं बहुतेक आपल्याच परागाने फळतात. तुरीचं तसं नाही. तुरीत मधमाश्या आणि भुंगे पराग फिरवतात, म्हणून तर तुरीचं संकरित बी जमलं. इक्रिसॅटच्या कामातून तसं पहिलं वाण 1991 साली आलं. तेव्हा गटाच्या बीजपेटीत तूर ठेवायची असेल तर आधी विचारा, शेजारच्या बांधाला कुठली तूर होती? जुनं वाण शुद्ध हवं असेल तर ते लांबच्या रानात पेरा, आणि बी रानाच्या मधल्या झाडांचं धरा, कडेच्या ओळींचं नको. आणि तूर फुलावर असताना फवारणी शक्यतो टाळाच, भुंगे तेव्हाच कामावर असतात.