न दिसणाऱ्या मॅचची कुळकथा

संकेश्वरला पुणे-बंगळूर हमरस्ता सोडून पश्चिमेला वळलं, की पंधराएक किलोमीटरवर गडहिंग्लज. कर्नाटकाची हद्द कधी संपली ते कळतही नाही. या भागाचं नाव बाहेर मिरचीमुळे माहीत असलं, तरी गडहिंग्लजला खरा नाद फुटबॉलचा. उत्तरेला कोल्हापुरात तर शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, बालगोपाल असे पेठांचे आणि तालमींचे संघ उतरतात. मैदानावर खेळणारे बावीस. गॅलरीत आणि नंतर कट्ट्यावर संघ निवडणारे हजारो. मधल्या फळीत अमक्याला का ठेवला, तमक्याला उतरवायला उशीर का केला, यंदा कोण कुठल्या तालमीत गेला, परदेशी खेळाडू कुणी आणला... मॅच नव्वद मिनिटांत संपते, हे बोलणं आठवडाभर चालतं.

जगातले सगळे फुटबॉल मॅनेजमेंट गेम कट्ट्यावरच्या या दुसऱ्या खेळातून जन्मले आहेत. गोल मारायची हौस भागवणारे गेम वेगळे. इथे बटण दाबून चेंडूला लाथ मारायची सोयच नाही. संघ निवडायचा, पैसे सांभाळायचे आणि निकालाची वाट बघत बसायचं.

केविन टॉम्स या इंग्लिश प्रोग्रामरला लहानपणापासून पटावरचे खेळ रचायचा छंद होता. १९८२ साली त्याने ‘फुटबॉल मॅनेजर’ बाजारात आणला, तोही साध्या बेसिक भाषेत लिहिलेला. कॅसेटच्या वेष्टनावर त्याचा स्वतःचा दाढीवाला, हसरा चेहरा असे. झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत काडीसारखी माणसं गोलाकडे धावताना दिसत, चित्र म्हणून तेवढंच. हा स्पेक्ट्रम पुढे भारतातही आला: डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ऐंशीच्या दशकात परवाना घेऊन तो ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाने विकला.

टॉम्सच्या कल्पनेला भव्य रूप दिलं पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांनी. श्रॉपशर परगण्यातल्या राहत्या घरी, फावल्या वेळात त्यांनी आपला गेम लिहिला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तो नाकारला. डोमार्क कंपनीने घेतला आणि १९९२ मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ बाहेर पडला. पहिल्या आवृत्तीत क्लब खरे, खेळाडूंची नावं मात्र बनावट. पुढच्याच वर्षी खरे खेळाडू आले आणि गेमचं नशीब पालटलं.

या वंशातला आजही जिवंत असलेला पूर्वज म्हणजे ऑक्टोबर २००१ मध्ये आलेला ‘चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२’. आजच्या पोराला तो दाखवला तर हा गेम आहे की बँकेचं खातं, असं विचारेल. मॅच म्हणजे पडद्यावर एकेक ओळ उमटत जाते: डावीकडून क्रॉस, हेडर, गोलकीपरने अडवला. मग पट्टी लुकलुकते आणि कळतं, गोल झाला. गवत नाही, चेंडू नाही, प्रेक्षक नाहीत. सगळं बघायचं ते मनात. जुन्या रेडिओ कॉमेंट्रीवर वाढलेल्या पिढीला याचं नवल वाटू नये.

ओळींच्या मागे मात्र प्रचंड हिशेब असतो. प्रत्येक खेळाडूला वेग, पासिंग, जिद्द अशा गुणांचे एक ते वीस आकडे. त्याशिवाय न दिसणाऱ्या आकड्यांतले मुख्य दोन: आज तो किती तयारीचा आणि उद्या कुठवर जाईल. हे दोन्ही दोनशेपैकी मोजतात. काही पोरांचं भविष्य तर गेम सुरू होतानाच, ठरलेल्या मर्यादेत, नशिबावर सोडलेलं. म्हणून एका डावात सोनं ठरलेला पोरगा दुसऱ्या डावात राखीव बाकावरच म्हातारा होतो. याच आवृत्तीपासून अनोळखी खेळाडूंचे गुण झाकून ठेवायची सोयही आली. हेरायला माणूस पाठवावा तेव्हा आकडे उघडतात. जुन्या मंडळींना या गेमची जी ओढ आहे ती बरीचशी या झाकलेल्या आकड्यांपायी असावी.

हे आकडे भरले कुणी? त्या त्या देशातल्या फुटबॉलवेड्यांनी. पेठेतला कोणता पोरगा कोणत्या पायाने मारतो, कुणाचा गुडघा दुखरा आहे हे कोल्हापुरात जसं गॅलरीतल्या माणसाला ठाऊक असतं, तसलीच माहिती लंडनच्या डेटाबेसमध्ये जमा होत गेली. साहजिकच तिच्याबरोबर माणसांचे लोभही आत गेले. पोर्तुगालच्या खालच्या डिव्हिजनमधल्या गौव्हेया क्लबचा टो मदेरा हा ०१/०२ मधला भयानक गोल करणारा फॉरवर्ड. असा खेळाडू जगात नव्हताच. माहिती भरणाऱ्याने तो घुसडला होता. पुढच्या दुरुस्तीत त्याला काढलं, पण तोवर तो दंतकथा झाला होता.

खऱ्यांची गोष्ट जास्त चटका लावते. मिलवॉलचा पोरसवदा चेर्नो सांबा गेममध्ये इंग्लंड गाजवायचा. प्रत्यक्षात तो लहान क्लबांमधून फिरत राहिला आणि गांबियाकडून खेळला. बेलारूसच्या मॅक्सिम त्सिगाल्कोला हजारो मॅनेजरांनी स्वस्तात विकत घेतलं. दुखापतींनी त्याची कारकीर्द सव्वीसाव्या वर्षी संपवली आणि डिसेंबर २०२० मध्ये, सदतिसाव्या वर्षी, तो वारला.

पुढे भाऊबंदकी झाली. कॉलियर बंधूंची कंपनी स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह आणि तोवर प्रकाशक झालेली आयडॉस २००३ मध्ये वेगळ्या झाल्या. वाटणीत आयडॉसकडे नाव गेलं, प्रोग्राम आणि डेटाबेस भावांकडे राहिला. भावांनी सेगाबरोबर २००४ मध्ये आपला गेम पुन्हा मांडला आणि नाव घेतलं ‘फुटबॉल मॅनेजर’, म्हणजे थेट टॉम्सचंच. नाव घेऊन बसलेला चॅम्पियनशिप मॅनेजर काही वर्षांत मागे पडला, डेटाबेसवाला तगला. २००८ मध्ये एव्हर्टन क्लबने खेळाडू हेरण्यासाठी या डेटाबेसच्या वापराचा करारही केला. कालांतराने त्यात भारतातल्या लीगसुद्धा आल्या.

नव्या आवृत्त्यांत मॅच त्रिमितीत दिसते. हा दिखाऊपणा महागही पडला: ‘फुटबॉल मॅनेजर २५’ नव्या ग्राफिक्स इंजिनावर नेताना इतका रखडला की फेब्रुवारी २०२५ मध्ये तो रद्दच करावा लागला.

०१/०२ ला असली कटकट नाही. आयडॉसने तो कधीच फुकट वाटून टाकला आहे आणि कुठल्याही जुनाट कॉम्प्युटरवर तो चालतो. हौशी मंडळी प्रत्येक हंगामात त्याच्यात ताज्या खेळाडूंची यादी बसवतात. त्यामुळे २००१ च्या या सॉफ्टवेअरमध्ये आज बार्सिलोनाचा लामिन यमाल विंगवर खेळतो. त्याचा जन्म २००७ चा.