देहप्रमाण आणि उंचीवर्धक शस्त्रक्रिया : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मंद्रूप परिसरातील हत्तरसंग कुडल येथील मंदिर शके ९४० (इ. स. १०१८) च्या मराठी शिलालेखामुळे इतिहासप्रसिद्ध आहे. मंदिरांवरील मूर्तींसाठी शिल्पशास्त्राने 'ताल' हे माप निश्चित केले. ताल म्हणजे मूर्तीच्याच मुखाची लांबी. अर्थात मापाचे एकक देहातच होते.

आयुर्वेदातही हेच तत्त्व आढळते. चरकसंहितेनुसार शरीराची उंची स्वतःच्या अंगुलांनी ८४ असावी व पसरलेल्या हातांचा विस्तारही तेवढाच असावा. अतिदीर्घ व अतिऱ्हस्व यांची गणना चरकाने आठ निंदित देहांत केली. तथापि सविस्तर विवेचन केले ते अतिस्थूल व अतिकृश यांचेच. उंचीची निंदा झाली, परंतु तिच्यावर उपचार सांगितला गेला नाही. पुढे ब्रिटिश काळात सैन्यभरतीने उंची इंचांत मोजली आणि मापाचे एकक देहाबाहेर गेले.

१९५० च्या दशकात सोव्हिएत रशियातील कुर्गान येथे गाव्रिल इलिझारोव्ह यांनी हाड छेदून त्याचे भाग दररोज सुमारे १ मिलिमीटर दूर सारण्याचे तंत्र विकसित केले. अस्थिभंग व आखूड पाय यांसाठीचे हे तंत्र कालांतराने केवळ उंची वाढविण्यासाठीही वापरले जाऊ लागले. जंतुसंसर्ग, सांध्यांचा ताठरपणा व मज्जातंतूंची इजा हे त्यातील धोके होत. शिवाय पाय लांबतात, हात व धड मात्र पूर्ववत राहतात.

सारांश, इंचांच्या हिशेबात लाभलेली उंची चरकाच्या मापाने देहाची समता मोडते. निरोगी तरुणाने ही शस्त्रक्रिया स्वीकारण्यापूर्वी आपले उणेपण कोणत्या मापाने ठरले, याचा विचार करणे अगत्याचे ठरते.