कोरीन ते कॉन्स्वेलो : प्रेमकादंबरीतील कलावंत नायिका

मराठीत ‘कलावंत’ हा शब्द पुरुषाला लावला की त्याचा गौरव होतो. त्याचेच ‘कलावंतीण’ झाले की अर्थ पालटतो आणि प्रतिष्ठेची जागा संशय घेतो. ही केवळ आपल्या भाषेची खोड नव्हे. युरोपातही रंगमंचावरील गायिकेसाठी टाळ्या वाजवणारे हात तिला सून म्हणून स्वीकारताना आखडत. दोन फ्रेंच लेखिकांनी नेमक्या याच विसंगतीवर आपल्या प्रेमकादंबऱ्या उभ्या केल्या : मादाम द स्ताल यांनी ‘कोरीन’ (१८०७) आणि जॉर्ज सँड यांनी ‘कॉन्स्वेलो’ (१८४२-४३).

प्रेमकथेत कला बहुधा अलंकारापुरती येते. नायिका वीणा छेडते, नायक मोहित होतो आणि लग्नानंतर ती वीणा कोपऱ्यात जाते. या दोन कादंबऱ्यांना वाङ्मयीन खोली लाभली ती कलेची वर्णने विपुल आहेत म्हणून नव्हे, तर कला येथे नायिकेच्या आयुष्यावर प्रेमाइतकाच हक्क सांगते म्हणून, असे आम्हांस वाटते.

नेपोलियनने १८०३ साली पॅरिसबाहेर घालवलेल्या स्तालबाईंनी १८०४-०५ मध्ये इटलीचा प्रवास केला. त्यातून साकारलेली कोरीन ही शीघ्रकवयित्री आहे; रोमच्या कॅपिटॉल टेकडीवर तिला समारंभपूर्वक काव्यमुकुट घातला जातो, तेथूनच तिची कथा सुरू होते. या प्रसंगास इतिहासाचा आधार आहे : कोरिल्ला ओलिंपिका या शीघ्रकवयित्रीचा १७७६ साली तेथेच असा सन्मान झाला होता. कोरीनच्या प्रेमात पडलेला स्कॉटिश उमराव ऑस्वल्ड तिच्यासवे रोम पाहतो, आणि त्यांचा प्रणय शिल्पे, चित्रे व भग्नावशेष यांच्याविषयीच्या संभाषणांतून फुलतो. कोलोसियमपाशी तिला भव्यता दिसते, तर त्याला धन्यांचा विलास आणि गुलामांचे रक्त. फडके-खांडेकरांच्या नावाने आपण वर्गात शिकवतो तो ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद येथे दोन प्रेमिकांच्या स्वभावांतील भेद होऊन अवतरतो. पुढे त्यांची ताटातूट का होते, याची चाहूलही त्यातच आहे.

कारण ऑस्वल्डला कोरीनची प्रतिभा हवी आहे, पण ती गृहिणीत सामावली जाणारी नाही, ही भीतीही त्याला आहे. त्याच्या दिवंगत वडिलांनी हे स्थळ पूर्वीच नाकारले होते. अखेर तो तिच्या सावत्र बहिणीशी, शांत व घरेलू लुसिलशी, विवाह करतो. कोरीन खंगत जाते, तिची वाणी आटते. तरीही मृत्यूपूर्वी ती ऑस्वल्डच्या छोट्या मुलीला वाद्य शिकवते आणि तिचे अखेरचे काव्य सभेत दुसरी एक तरुणी म्हणून दाखवते. देह हरला तरी विद्या पुढे चालू राहते. परंतु प्रेमभंगाने प्रतिभा मारली, हा निष्कर्ष काही टळत नाही.

सँड यांनी नेमका हाच निष्कर्ष तपासावयास घेतला. त्यांच्यासमोर जिवंत उदाहरण होते : त्यांची मैत्रीण, थोर गायिका पोलीन व्हियार्दो. १८४० साली तिच्याशी विवाह करताना लुई व्हियार्दो यांनी पॅरिसमधील इटालियन रंगमंदिराचे संचालकपद सोडले होते. कॉन्स्वेलो घडली ती या पोलीनवरून. ती दरिद्री आहे, रूपवतीही नाही. व्हेनिसमध्ये पोर्पोरा या कठोर गुरूपाशी तिने मेहनत केली आहे. येथे गाणे हा दैवी साक्षात्कार नसून रियाज आहे, बिदागी आहे, नाट्यगृहातील हेवेदावे आहेत. तिचे यश न सोसणारा पहिला प्रियकर आन्झोलेतो हा स्वतःही गायकच आहे. तरुण हायडनच्या संगतीने, पुरुषवेष करून, ती पायी व्हिएन्ना गाठते. बोहेमियातील सरदारपुत्र आल्बेर्त तिच्यावर प्रेम करतो, पण पोर्पोराला तो विवाह म्हणजे कलेचा घात वाटतो. आल्बेर्तच्या मृत्युशय्येवर ती त्याच्याशी विवाहबद्ध होते आणि वारसाहक्काची संपत्ती मात्र नाकारते.

उत्तरकथेत कॉन्स्वेलोचाही आवाज जातो. पण येथेच सँड स्तालबाईंहून वेगळ्या वाटेने जातात : गळा गेलेली कॉन्स्वेलो गीते रचते आणि पती व मुलांसह गोरगरिबांत भटकत ती पोहोचवते. कला आणि प्रेम यांपैकी एक निवडण्याची सक्ती कादंबरी मोडून काढते. मात्र त्यासाठी तिला प्रतिष्ठित समाजाबाहेर पडावे लागते. दरबारात किंवा वाड्यात अशा संसाराला जागा सापडत नाही, ही गोष्ट सँड झाकून ठेवत नाहीत.

म्हणूनच प्रेमकादंबरीला ‘हलके वाङ्मय’ म्हणून अभ्यासक्रमाबाहेर ठेवणे आम्हांस घाईचे वाटते. नायिका कोणावर प्रेम करते, एवढेच विचारून थांबू नये. तिला कोणती विद्या येते आणि कथेच्या शेवटी त्या विद्येचे काय होते, हेही विद्यार्थ्यांना विचारावे. उत्तरातून त्या समाजाचा बराच इतिहास हाती लागेल.