तुटलेला धागा आणि थांबणारा माग

माझे बालपण मालेगावात पावरलूमच्या खडखडाटात गेले. अब्बा एकाच वेळी चार माग सांभाळत. ताण्याचा एखादा धागा तुटला तरी साधा माग चालतच राहतो आणि तेवढी खोट कापडात उतरते. ताग्यात दोष निघाला की मजुरीतून पैसे कापले जात. अब्बा म्हणत, डोळे दोन आणि माग चार, मग दोष एकट्या विणकराचा कसा?

या प्रश्नाचे उत्तर मला पुढे जपानच्या इतिहासात सापडले. टोयोटा आज मोटारींसाठी ओळखली जाते, पण तिचे मूळ मागात आहे. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. १९२४ साली त्याने पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे, आणि माग चालू असतानाच धोटा बदलला जाई. त्यामुळे एक कामगार तीसहून अधिक माग पाहू शकत होता. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क घेतले. किंमत ठरली एक लाख पौंड. लँकेशायरने जपानकडून माग शिकावा, ही त्या काळी मोठी उलथापालथ होती. पुढे साकिचीचा मुलगा किइचिरो मोटारीकडे वळला आणि १९३७ साली मोटार कंपनी उभी राहिली.

त्याच काळात मुंबईत काय चालले होते? गिरणीमालकांनाही कमी खर्चात जास्त कापड हवे होते. त्यांनी विणकराला दोनऐवजी तीन माग चालवायला सांगितले. या नव्या पद्धतींविरुद्ध १९२८ साली सुमारे दीड लाख कामगार एप्रिल ते ऑक्टोबर संपावर होते. पुढे जपानी कापडाची स्पर्धा इतकी वाढली की १९३३ साली सरकारने त्यावर ७५ टक्के आयातशुल्क बसवले. एकीकडे माग शहाणा झाला, दुसरीकडे फक्त माणसावरचा बोजा वाढला.

टोयोटाची गोष्टही निव्वळ गोड नाही. १९५० साली कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली, दीड हजारांहून अधिक कामगारांना घरी जावे लागले आणि किइचिरोला अध्यक्षपद सोडावे लागले. त्यानंतर ताइइची ओनो यांनी सूतगिरणीतला अनुभव मोटारीच्या कारखान्यात वापरला. लागेल तेवढेच, लागेल तेव्हाच बनवायचे. आणि दोष दिसताच साध्या कामगारानेही दोरी ओढून काम थांबवायचे. अमेरिकी अभ्यासकांनी १९८८ नंतर यालाच ‘लीन’ हे नाव दिले.

आपल्या मालेगाव-भिवंडीत मोमीन विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला. साध्या मागांच्या सुधारणेसाठी केंद्र सरकारने आणलेल्या योजनेत ताणा तुटल्यावर माग थांबवणारे साधनही होते. म्हणजे साकिचीने १९२४ साली सोडवलेला प्रश्न आपण अजून सोडवतोच आहोत.

जागतिक बाजारात टिकायचे असेल तर यंत्र हवेच, त्याबद्दल माझे दुमत नाही. पण मजुरी कापून कापड निर्दोष होत नाही. खोट दिसताच माग थांबवण्याचा हक्क विणकराला मिळाला, तरच अब्बांच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळेल.