मित्र उपक्रम आणि किशोरवयीनांचे मानसिक आरोग्य

महाराष्ट्रातील शाळांमध्ये पाचवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वासावर लक्ष ठेवण्याची साधना, शिकवणारा कार्यक्रम म्हणजे मित्र उपक्रम. राज्याचा शालेय शिक्षण विभाग आणि इगतपुरी येथील विपश्यना विशोधन विन्यास यांनी तो २०१२ पासून एकत्रितपणे राबवला. ज्याला जगभर माइंडफुलनेस किंवा सजगता प्रशिक्षण म्हणतात, त्याचे मराठी शाळेत रुजलेले हे सर्वांत ओळखीचे रूप होय. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांसारख्या भागात मुलांच्या मनाची विचारपूस करायला शिक्षकाखेरीज सहसा कोणी नसते. तिथे या उपक्रमाचे मोल वेगळे आहे आणि त्याच्या मर्यादाही तिथेच स्पष्ट दिसतात.

या साधनेची आजची परंपरा सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांच्यापासून सुरू होते. मंडाले येथे जन्मलेले गोएंका ब्रह्मदेशातील सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले व १९६९ मध्ये भारतात आले. त्याच वर्षी मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले, तर संशोधन आणि पाली ग्रंथांच्या प्रकाशनासाठी विशोधन विन्यासाची स्थापना १९८५ मध्ये झाली. मुलांसाठीची आनापान शिबिरे १९८६ पासून होऊ लागली. पूर्ण विपश्यना प्रौढांना दहा दिवसांच्या निवासी शिबिरात शिकवतात. मुलांना तिची फक्त पहिली पायरी दिली जाते. शाळांकरता उपक्रम आखताना हीच पायरी उचलण्यात आली. शिक्षकाने स्वतः आधी दहा दिवसांचे शिबिर करावे, ही त्यामागची अपेक्षा आहे आणि त्यासाठी रजेची सवलतही देण्यात आली. ही अपेक्षा योग्यच म्हटली पाहिजे. जो शिक्षक स्वतः दहा मिनिटे स्वस्थ बसू शकत नाही, त्याच्या सांगण्यावरून चाळीस मुले बसत नाहीत.

कृती साधी आहे. सुरुवातीला प्रशिक्षित व्यक्ती सुमारे सत्तर मिनिटांच्या एका सत्रात साधना समजावून देते. पुढे रोज दोन वेळा, शाळा भरताना आणि सुटण्यापूर्वी, दहा-दहा मिनिटे सराव होतो. सकाळचा सराव परिपाठाला जोडून घेणे सोयीचे पडते, कारण राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थनेनंतर मुले रांगेत असतात आणि आवाज आपोआप खाली आलेला असतो. मुले बसकरावर मांडी घालून, पाठ ताठ ठेवून बसतात आणि डोळे मिटतात. लक्ष नाकपुड्यांच्या दाराशी ठेवायचे: श्वास आत येतो आहे, बाहेर जातो आहे, उजव्या नाकपुडीतून की डाव्या, की दोन्हींतून. श्वास मुद्दाम दीर्घ करायचा नाही, रोखायचा नाही. आकडे मोजायचे नाहीत, नामजप करायचा नाही, कोणतीही मूर्ती डोळ्यांपुढे आणायची नाही. प्राणायामापासून आनापान वेगळे पडते ते इथे. मन थोड्याच वेळात डब्यातल्या भाजीकडे, मैदानाकडे, काल घरी झालेल्या भांडणाकडे जाते. ते गेल्याचे लक्षात आले की स्वतःवर न चिडता पुन्हा श्वासाकडे यायचे. हे परत येणे हाच खरा सराव आहे. मन भटकले म्हणजे साधना बिघडली, असे मुलांना वाटू देता कामा नये.

किशोरवय म्हणजे १० ते १९ वर्षे, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटना करते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींमध्ये मानसिक विकार आढळले. या वयात भावनांचा जोर आधी वाढतो आणि त्यांना आवर घालणारी मेंदूची यंत्रणा मागाहून परिपक्व होते. लक्ष जिथे न्यायचे तिथे नेता येणे आणि राग किंवा भीती उठल्याबरोबर ओळखता येणे, या दोन क्षमता सजगतेच्या सरावाने वाढाव्यात, असा त्यामागचा सिद्धांत आहे.

सुरुवातीला उल्लेखलेल्या तालुक्यांपैकी भोर हा एके काळच्या पंतसचिवांच्या संस्थानाचा मुलूख. वेल्हे हा राजगड आणि तोरणा या किल्ल्यांचा तालुका असून त्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. २०११ च्या जनगणनेत भोरची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची सुमारे ५४ हजार होती. लोकसंख्येने वेल्हे हा पुणे जिल्ह्यातील सर्वांत लहान तालुका आहे. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे अशा दऱ्याखोऱ्यांत वस्त्या विखुरलेल्या आहेत. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत आणि वरसगाव या धरणांच्या जलाशयांनी त्यांतल्या अनेकांचे रस्ते लांबवले आहेत. या भूगोलाचा मुलांच्या मनाशी थेट संबंध आहे. गावातली प्राथमिक शाळा संपली की पुढच्या इयत्तांसाठी एसटीची वाट पाहायची, डोंगर उतरून चालायचे किंवा वसतिगृहात राहायचे, एवढेच पर्याय उरतात. पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत हजेरी रोडावते. वडील किंवा थोरला भाऊ नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईत असतो आणि घरचे ओझे आई, आजी आणि वयात येणाऱ्या मुलीवर पडते. दहावीचा निकाल, शाळा सुटण्याची भीती, लग्नाची बोलणी आणि आता मोबाइलवर दिसणारे दुसऱ्यांचे सुखी आयुष्य, या चिंता शहरातल्या मुलांनाही असतात, पण इथे त्या बोलून दाखवायला माणूस आणि जागा दोन्ही कमी. वेल्हे परिसरात बचत गट व मुलींच्या शिक्षणातून ज्ञान प्रबोधिनी या संस्थेने जे काम उभे केले, त्याचे महत्त्व यामुळेच आहे: मुलीची घालमेल पहिल्यांदा कळते ती आईला किंवा आईच्या गटातल्या एखाद्या ताईला.

अशा ठिकाणी आनापानाची जमेची बाजू मोठी आहे. त्याला साहित्य लागत नाही, वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. दोन शिक्षकी शाळेतही ते घेता येते. मुलाला 'तुला काहीतरी झाले आहे' असा शिक्का न बसता सगळ्यांबरोबर बसता येते. वर्ग शांत होणे हा लगेच दिसणारा परिणाम आहे. मात्र वर्ग शांत झाला म्हणजे त्यातले प्रत्येक मूल शांत झाले, असे समजणे ही या कार्यक्रमांतली सर्वांत मोठी चूक ठरते.

जगातील अनुभव या बाबतीत सावध करणारा आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा सजगता कार्यक्रम सुरू केला. त्यातून पुढे वारंवार नैराश्य येणाऱ्या प्रौढांसाठीची उपचारपद्धती निघाली आणि तिचा उपयोग चांगला सिद्ध झाला. मग हीच गोष्ट शाळेत का नको, असा विचार पुढे आला. ब्रिटनमध्ये मिरियाड या नावाने मोठी चाचणी झाली. तिच्यात ८० हून अधिक शाळांतील ११ ते १३ वयाचे ८ हजारांवर विद्यार्थी होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सजगतेचे धडे घेतलेल्या मुलांचे मानसिक आरोग्य शाळेतील नेहमीचे सामाजिक-भावनिक शिक्षण मिळालेल्या मुलांपेक्षा सरस ठरले नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. ज्यांना आधीपासून जास्त त्रास होता, त्यांच्यापैकी काहींना या धड्यांचा उपयोग न होता उलट किंचित अपाय झाल्याचे संकेतही मिळाले. शिक्षक आणि शाळेच्या वातावरणावर झालेला परिणाम मात्र काही अंशी चांगला होता. दिल्ली सरकारने जुलै २०१८ पासून आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी सुरू केलेल्या आनंद अभ्यासक्रमात सजगतेबरोबर गोष्टी आणि कृतीही ठेवल्या. हे मिश्रण अधिक शहाणपणाचे आहे.

मिरियाडचा निष्कर्ष आनापानाला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तिथला कार्यक्रम आठवड्याच्या तासिकांचा होता आणि इथला सराव रोजचा आहे. तरीही त्यातला इशारा भोर-वेल्ह्याला लागू आहे. ज्या मुलीने घरात मारहाण पाहिली आहे किंवा जिच्यावर अत्याचार झाला आहे, तिला डोळे मिटून बसल्यावर नेमके तेच आठवू शकते. तिला डोळे उघडे ठेवण्याची, जमिनीवर नजर टेकवून बसण्याची किंवा उठून बाहेर जाण्याची मुभा असली पाहिजे आणि तिला कारण विचारता कामा नये. साधना ऐच्छिक ठेवण्याला घटनेचाही आधार आहे. अनुच्छेद २८ नुसार सरकारी मान्यता किंवा मदत असलेल्या शाळेत अज्ञान विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत पालकाच्या संमतीविना सामील करून घेता येत नाही. आनापान सर्व पंथांसाठी खुले आहे, असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. ही भूमिका पालकसभेत आधी मांडली तर गैरसमज टळतात.

शाळेतल्या सरावाच्या मागे उपचाराची साखळी हवी. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाच्या सहा विषयांत मानसिक आरोग्य आहे आणि त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयांत चालणारी किशोरवयीनांची केंद्रे महाराष्ट्रात मैत्री क्लिनिक म्हणून ओळखली जातात. भोर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. गंभीर रुग्णाला मात्र पुण्यात ससून रुग्णालय किंवा येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय गाठावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संबंध ठेवावा. डोंगरातल्या छोट्या शाळांना यातला दुसरा भागच लागू पडतो आणि प्रत्यक्षात आणायला तोच अवघड आहे. झोप उडणे, जेवण सुटणे, मित्रमैत्रिणींपासून तुटणे, हातावर जखमा करून घेणे किंवा मरणाची भाषा करणे, ही लक्षणे दिसली तर मुलाला साधनेवर सोपवून चालत नाही. त्याच दिवशी पालकांशी बोलून डॉक्टरांकडे न्यावे लागते.

ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तिच्यावर मराठीतून बोलता येते. शाळेच्या फलकावर हा क्रमांक कायम लिहिलेला असावा.